ऑपरेशनच्या खोलीत आपला माणूस का नाही?

(तालुका शिबिरात युवक गटाच्या वतीने केलेलं भाषण)



सकाळपासून प्लॉटचं आणि फॉरेस्टच्या दंडाचं बोलणं चाललंय. आम्ही पोरं-पोरी मध्येच दवाखान्याचं काढतोय. कोणी म्हणेल, हे काय नवीन? पण ऐकून घ्या. हेही जमिनीचंच बोलणं आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पाड्यातली एक बाई अडली. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे. आम्ही झोळी केली, नदी उतरलो, सडकेवर जीप धरली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर होता, माणूसही चांगला. पण पोट फाडून मूल काढायचं तर बाळंतपणाचा मोठा डॉक्टर लागतो आणि भूल देणारा वेगळा लागतो. दोन्ही जागा रिकाम्या. चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं. बाई वाटेतच गेली, मूलही गेलं.

तुमच्याही पाड्यात अशी एखादी गोष्ट असेलच. तेव्हापासून आम्ही विचारायला लागलो, हे मोठे डॉक्टर होतात कसे, आणि त्यांत आपले का नाहीत?

हिशेब असा आहे. बारावीनंतर साडेपाच वर्षं एमबीबीएस. मग तीन वर्षं, तेव्हा सर्जन, बाळंतपणाचा किंवा भुलीचा डॉक्टर होतो. हृदयाचा, मेंदूचा, किडनीचा व्हायचं तर आणखी तीन वर्षं. सगळी मिळून साडेअकरा वर्षं. आपलं पोरगं दिवाळी झाली की आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातं. साडेअकरा वर्षं घर कोण चालवणार?

एवढं करून कोणी निघालाच, तर पायऱ्या तुटलेल्या. आश्रमशाळेत गणित-विज्ञानाला मास्तर नाही. अकरावी-बारावी सायन्सला गाव सोडावं लागतं. तिथे पुस्तक एकदम इंग्रजीत. वर प्रवेश परीक्षा. शहरातली पोरं तिच्यासाठी क्लास लावतात, आपल्याकडे एसटीच्या पासाला पैसे नसतात.

पुढे जागा. राज्यात आदिवासींना शंभरात सात. एमबीबीएसला त्याचा उपयोग होतो. पण मोठ्या डॉक्टरकीत एखाद्या कॉलेजात सर्जनच्या चार-पाचच जागा असल्या, तर? त्याचे शंभरात सात काढा, एक जागासुद्धा पुरी होत नाही. आणि हृदय-मेंदूच्या शिक्षणाचं तर १९९९ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांपुढे आलं. बहुमताने निकाल झाला की त्या सगळ्यात वरच्या पायरीवर कसलीच सवलत नको. म्हणजे तिथे दारच बंद.

लोक म्हणतात, कमी मार्कांचा डॉक्टर कशाला? त्यांना आपण सांगायचं, सवलत आत शिरताना असते. शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच. तिथे पास झाल्याशिवाय आदिवासीच्याही हातात कोणी सुरी देत नाही.

आता मुद्द्याचं. या सातातल्या जागाही आपल्याला पुऱ्या मिळत नाहीत. एका माणसाने १९८५-८६ साली हलबा आदिवासी म्हणून एमबीबीएसला जागा घेतली. जात निघाली कोष्टी. २८ नोव्हेंबर २००० ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत. पण एवढी वर्षं गेली, शिक्षणावर सरकारचा पैसा खर्च झाला, म्हणून त्याची डॉक्टरकी राहू दिली. यापुढे फायदा नाही म्हणाले. मग त्या जागेवर जे खरं आदिवासी पोर बसलं असतं, त्याचं काय? ते कुठे असेल आज? भट्टीवर?

आणि खऱ्याला काय विचारतात? पडताळणीला १९५० च्या आधीचा पुरावा आणा. आमच्या ओळखीच्या एका पोराला बारावीला चांगले मार्क होते. त्याचा आजा शाळेत गेला नाही. सातबारा नाही, कारण जमीन तीन पिढ्या कसली तरी कागदावर ती फॉरेस्टची. पुरावा गोळा होईपर्यंत प्रवेशाची तारीख गेली. खोट्याकडे कागद तयार, खऱ्याकडे नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्या नावावर पुरावाही नाही. म्हणून म्हटलं, हे जमिनीचंच बोलणं आहे.

कोणी विचारेल, आपलं पोर मोठं डॉक्टर झालं तर परत येईल का? खात्री आम्ही देत नाही. पण आज तर कोणीच येत नाही. आणि जो येईल त्याला आपली बाई कुठे दुखतंय ते आपल्या बोलीत सांगू शकेल.

तर कामं अशी:

१) प्रत्येक पाड्याने दंडाच्या जुन्या पावत्या, शाळेच्या रजिस्टरचे उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. ज्या पावतीवर आजाचं नाव आणि गाव आहे, ती प्लॉटलाही लागेल, पोरालाही.

२) पडताळणीत ग्रामसभेची साक्ष धरावी, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेत करा.

३) आठवीपासून पोरांचे कागद काढायला लागा, बारावीची वाट बघू नका. पोरींचेही काढा.

४) आश्रमशाळेत विज्ञानाचा मास्तर नसेल तर पुढच्या मोर्चाच्या मागण्यांत ते लिहा, प्लॉटच्या मागणीच्या खालीच.

ती बाई परत येणार नाही. पण तिची थोरली पोर सातवीत आहे. तिचे कागद आम्ही काढायला घेतलेत.

जिंदाबाद!