नवी खिडकी, पहिला पाऊस

भांडुपमध्ये जिकडे बघाल तिकडे नवे टॉवर. मे महिन्यात ताबा मिळतो, खिडक्या चकचकीत दिसतात, आणि जूनमध्ये भिंतीला ओल धरते. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे टेस्टिंगशिवाय काही लाइव्ह जात नाही. खिडकीलाही तोच नियम लावा.

एक, खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर पडलं पाहिजे. साचलं, तर निचऱ्याची भोकं सिमेंटने बुजलेली असू शकतात. दोन, फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक आला तर फ्रेम काटकोनात नाही. शटर अडकणार, लॉक नीट बसणार नाही. तीन, फ्रेम आणि भिंतीमधलं सिलिकॉन अखंड हवं, आणि खिडकीखालच्या दगडाला उतार बाहेरच्या बाजूला. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण-पश्चिमेच्या खिडक्या आधी तपासा.

गळती दिसली तर पुट्टी मारून झाकू नका. फोटो काढा, बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायदा, २०१६, कलम १४(३): ताब्यापासून ५ वर्षांत कामातला दोष दाखवलात, तर तो ३० दिवसांत, फुकट दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. वीस वर्षं हप्ते भरायचे आणि वर खिडकीखाली बादल्याही आपणच लावायच्या? का म्हणून?