चाप जड कीं सुस्त?

पुष्कळ वर्षें कपाटांत पडून राहिलेलें परवान्याचें पिस्तूल एके दिवशीं बाहेर निघतें. तें रिकामें असल्याची खात्री करून धनी चाप ओढूं लागतो. चाप अडखळत मागें येतो आणि बोट काढल्यावर जागेवर परतण्यासही आळस करतो. धनी म्हणतो, "चाप फार जड झाला, कमान थोडी कापून घ्यावी." या एका वाक्यांत जडपणा आणि सुस्ती यांची गल्लत होते आणि उपायही भलताच निवडला जातो.

घोडा असलेल्या पिस्तुलांत घोड्यामागें ताणलेली कमान असते. घोड्याच्या खांचेंत अडकलेली एक लहान पोलादी खुंटी त्याला थोपवून धरते. चाप ओढला कीं खुंटी निसटते, घोडा झेपावतो आणि काडतुसाच्या टोपीवर आघात होतो. पुष्कळ रिव्हॉल्व्हरांत चाप घोडा उचलतो आणि मग सोडतो. तेथें बोटावर चार-पांच किलोंचा भार पडणें हा बिघाड नव्हे, ती रचनाच होय. घोडा अंगठ्यानें आधीं चढविला, तर तोच चाप पुष्कळच कमी भारानें सुटतो.

नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनीं तर हलकेपणालाच मर्यादा घातली आहे. १० मीटरच्या एअर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमांहून व २५ मीटरच्या पिस्तुलाचा १००० ग्रॅमांहून हलका चालत नाहीं. नळी उभी धरून चापानें तेवढें वजन उचलावयाचें असतें. त्यापूर्वींच चाप सुटला, तर पिस्तूल नापास. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं पालेंबंग येथें आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, तें याच नियमाखालीं. भार त्यांच्या आड आला नाहीं. कारण नेमबाजाला चाप प्रत्येक वेळीं सारखा आणि गुळगुळीत सुटावा लागतो, केवळ हलका नव्हे.

सुस्तीचें कारण बहुधा क्षुल्लक असतें. जुनें तेल वाळून राळेसारखें चिकट होतें; त्यांत धूळ आणि दारूची काजळी मिसळते. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यांत आंसांवर गंजही चढतो. तेव्हां काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावीं, कोठा डोळ्यांनीं आणि बोटानें पुन्हा तपासावा, जुनें वंगण पुसून काढावें आणि पातळ तेलाचा एखादाच थेंब द्यावा. तेल ओतणें म्हणजे पुढच्या वर्षींच्या चिकटीची पेरणी करणें होय. एवढ्यानें चाप सुधारला नाहीं, तर पिस्तूल परवानाधारक कारागिराकडे न्यावें.

कमान कापली, तर आघात दुबळा पडून काडतूस ऐन वेळीं पेटत नाहीं. खांचेवर कानस फिरविणें त्याहून भयंकर. खांचेची धार अगदीं बारीक आणि तिचें कठीण कवच पातळ असतें. तें गेलें, कीं कांहीं दिवसांनीं खुंटी आपण होऊन निसटूं लागते. असें पिस्तूल टेबलावरून पडलें, तरी उडूं शकतें. मग त्या खोलींत कोण बसलें आहे, हें तें पाहत नाहीं.

म्हणून धन्यानें कमानीला हात लावण्यापूर्वीं फडकें हातीं घ्यावें. सुस्ती बहुधा त्यानेंच जाते. उरलेला जडपणा मात्र तसाच राहूं द्यावा. घरांत तो पहारेकऱ्याचें काम करीत असतो.