मागे राहणाऱ्यांचा निरोप



स्नेहसंमेलनाच्या आनंदात निरोपाचा विषय काढणे औचित्याला सोडून आहे असे आपणांस कदाचित वाटेल. परंतु आपल्यापैकी काही जण येत्या वर्षी एका सत्रापुरते परदेशी विद्यापीठांत अध्ययनास जाणार आहेत असे प्राचार्यांकडून कळले, तेव्हा जावे कसे हे त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतील, पण तेथून निघावे कसे हे सांगणारा बहुधा कोणी भेटणार नाही, असे मनात आले, आणि आज तेवढेच बोलावे असे मी ठरविले.

माझेही असे एक सत्र जर्मनीतील ग्योटिंगेन या गावी गेले. आपल्या पुण्याशी त्या गावाचे नाते जुने आहे. फ्रान्झ कीलहॉर्न हे 1866 पासून 1881 पर्यंत डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि पुढे 1908 मध्ये देहावसान होईपर्यंत ग्योटिंगेनच्या विद्यापीठात त्यांनी तोच विषय शिकविला. येथील शास्त्रीमंडळींच्या सहवासात व्याकरणाचे मर्म आत्मसात केलेल्या या पंडिताने पुणे सोडले, पण पुण्यात हाती घेतलेले काम सोडले नाही. पतंजलीच्या महाभाष्याच्या त्यांच्या आवृत्तीचा तिसरा खंड 1885 मध्ये मुंबईत छापून निघाला तेव्हा ते स्वदेशी स्थिरावलेले होते, आणि त्यानंतरही भारतातून येणारे शिलालेखांचे व ताम्रपटांचे ठसे वाचण्यात त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. त्याच 1885 साली ग्योटिंगेनने आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. कीलहॉर्नांनी पुण्याचा निरोप कोणत्या शब्दांत घेतला हा माझ्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. तो निरोप त्यांनी सत्तावीस वर्षे कामाने पाळला, याचे मोल मला फार वाटते.

जर्मनीत उन्हाळी सत्राची व्याख्याने जुलैत संपतात. शेवटच्या तासाला प्राध्यापकांनी कागद आवरले की विद्यार्थी टाळ्या वाजवीत नाहीत. बोटांची पेरे बाकावर आपटून ते आपली कृतज्ञता व्यक्त करतात, आणि ती टकटक ओसरेपर्यंत कोणी जागचे उठत नाही. त्यानंतर सुरू होते ती सरकारी रुखसत. नगरपालिकेच्या दफ्तरात जाऊन आपण गाव सोडीत आहोत अशी वर्दी द्यायची, ग्रंथालयाचे येणे बाकी नसल्याची खातरजमा करायची, विद्यापीठाच्या पटावरून नाव कमी करून दाखला घ्यायचा, आणि वसतिगृहाची खोली व्यवस्थापकाच्या हवाली करायची. तो गृहस्थ हातात छापील यादी घेऊन आला. खिडकीची कडी, दिव्याचे बटण, पलंगाची फळी एकेक करून तपासली, आणि भिंतीवर जिथे मी आईवडिलांचे छायाचित्र लावले होते तिथले खिळ्याचे भोक मी लांबी भरून बुजविले आहे की नाही, हे त्याने बोट फिरवून पाहिले. मगच अनामत रकमेच्या कागदावर सही झाली. ही व्यवस्था मला त्या दिवशी रुक्ष वाटली नाही, आजही वाटत नाही. कारण आपल्यानंतर येणाऱ्याला ती भिंत स्वच्छ मिळावी, असा एका अनोळखी माणसाविषयीचा आदर तिच्यात होता.

परंतु माणसांच्या हवाली काय करून निघायचे, याची छापील यादी कोणत्याच कचेरीत मिळत नाही. ग्योटिंगेनमध्ये डॉक्टरेट मिळविणाऱ्यांचा एक विधी आहे: परीक्षा उतरलेल्या उमेदवाराला मित्रमंडळी सजविलेल्या हातगाडीतून मिरवीत जुन्या नगरभवनासमोर आणतात, आणि तो कारंज्यावर चढून, 1901 मध्ये उभारलेल्या हंस राखणाऱ्या मुलीच्या पुतळ्याला फुले वाहतो व तिचे चुंबन घेतो. 1926 मध्ये या चुंबनाला मनाई करणारा हुकूम निघाला, तरी प्रथा चालूच राहिली. एका सत्राच्या पाहुण्यांसाठी मात्र असा कोणताही विधी नाही. घरून निघताना हातावर दही पडलेले असते, परत निघताना तेही नाही.

गावाच्या जुन्या तटावरून लिंडेनच्या झाडांखालून एक पायवाट जाते. तिच्याजवळ राहणाऱ्या एका वृद्ध बाईंकडे दर बुधवारी सायंकाळी मी जर्मन बोलण्याच्या सरावासाठी जात असे. केवळ विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून त्या ही शिकवणी विनामूल्य घेत. निघण्यापूर्वी भेटायला गेलो तेव्हा मी उत्साहाच्या भरात परतीच्या प्रवासाचे, घरच्यांचे, पुढच्या परीक्षेचे बोलत राहिलो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, माझ्या कपात पुन्हा कॉफी ओतली, आणि म्हणाल्या, "तुम्हाला घरी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. माझा बुधवार मोकळा होईल." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मग त्यांनी एक वही पुढे केली. तीत अरबी, कोरियन, रशियन अशा लिप्यांत, आधी येऊन गेलेल्या मुलामुलींनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. मी देवनागरीत लिहिले. त्या पानांकडे पाहताना प्रथमच ध्यानात आले की मी आयुष्यातला एक वियोग अनुभवीत होतो, आणि या बाई दर सहा महिन्यांनी तो अनुभवून पुन्हा नव्या मुलासाठी दार उघडीत होत्या.

निरोपाचा विचार आपण नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने करतो, आणि ते मला न्याय्य वाटत नाही. जाणाऱ्यापुढे नवा मुलूख असतो, तोंडी लावायला आठवणी असतात. मागे राहणाऱ्यापुढे तीच खोली, तीच वाट आणि एक कमी झालेले माणूस असते. म्हणून निरोप घेणे हे जाणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते स्टेशनवर घाईघाईने हात हलवून फिटत नाही. ज्यांनी ज्यांनी आपल्यासाठी वेळ वेचला त्यांच्या दाराशी स्वतः जावे, सामानाची बांधाबांध सुरू होण्यापूर्वी जावे, बसावे, आणि आपले सांगण्याआधी त्यांचे ऐकावे.

राहणाऱ्यांनीही निरोप द्यायचा असतो, हे त्याच गावाच्या इतिहासात नोंदलेले आहे. 1837 मध्ये हानोवरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. परीकथांमुळे आपणांस ठाऊक असलेले ग्रिम बंधू त्यांत होते. सातही जण बडतर्फ झाले, आणि याकोब ग्रिम, डालमान व गेरविनुस या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडण्याचे फर्मान मिळाले. त्या डिसेंबरच्या थंडीत कित्येक विद्यार्थी सरहद्दीवरील विट्झेनहाउझेनपर्यंत पायी गेले, केवळ आपल्या गुरूंना निरोप देण्यासाठी. राजाची इतराजी ओढवण्याचे भय असताना इतके अंतर तुडविणाऱ्या त्या मुलांविषयी मला आजही अतीव आदर वाटतो.

आपल्या वसतिगृहात दूरदेशीचे काही विद्यार्थी सध्या राहत आहेत, आणि परीक्षा संपताच त्यांची रवानगी होईल, असे मघाशी चहाच्या वेळी कळले. त्यांची विमाने बहुधा अपरात्री सुटतात. त्या रात्री गाडी फाटकाशी येईल तेव्हा त्यांच्या पेट्या उचलायला तुमच्यापैकी चार जण जागे असावेत, आणि शक्य झाल्यास दोघांनी विमानतळापर्यंत सोबत जावे, एवढी विनंती वसतिगृहातील मुलामुलींना करतो.