टेप आपल्याही कमरेला लावू या

(आंधळगाव, ता. मोहाडी येथे आशा, परिचारिका व अंगणवाडीतायांच्या बैठकीत केलेले भाषण)



तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा सीबॅक फॉर्म मी भरते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला 150 मिनिटं शरीराला व्यायाम, आईबापाला बीपी-साखर-हृदयरोग. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं. आपलं गाव कोशाच्या कापडाचं. मागावर बसणाऱ्या घरच्या बायांचीही कंबर मी मोजते. पण मोजणारीची कंबर कोण मोजतं?

आज इथेच हिशेब मांडू. बाईची कंबर 80 सेंटिमीटरपर्यंत असली तर शून्य, 90 पर्यंत एक, त्यापुढे दोन गुण. आईबाप-भावंडांत आजार असेल तर दोन. समजा, आपल्यातली एक पन्नाशी ओलांडलेली. कंबर 86, आईला बीपी. खर्रा नाही, दारू नाही, दिवसभर पायपीट. तरी वयाचे गुण धरून ती चारच्या वर गेलीच!

वजन बेताचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पोटावरची चरबी बारीक दिसणाऱ्या बाईलाही धोक्याची. त्यात रात्रपाळी, अर्धी झोप, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण. गरोदरपणात बीपी वाढलं असेल, तर पुढे हृदयरोगाचा धोका जास्त. आणि बाईला झटका छातीत कळ न येताही येतो. दम लागतो, पाठ-जबडा दुखतो, फार थकवा येतो. आपण त्याला कामाचा शीण म्हणतो आणि पुन्हा उठतो.

‘मीठ कमी करा, चाला’ हे सांगणं सोपं. पण रात्रपाळी नर्सबाई ठरवत नाही. आशा योजना 2005 साली आली, तरी आशा अजून ‘स्वयंसेविका’च. एक दिवस घरी राहिली की कामागणिक मिळणारा मोबदला बुडतो. म्हणून हा नुसत्या सवयींचा नाही, हक्काचा प्रश्न आहे.

आपली मागणी साधी: वर्षातून एकदा आपली बीपी, साखर, कंबर तपासा, कामाच्या वेळेत, पैसे न कापता. निकाल बाईच्या हाती द्या, त्यावरून कुणाचं काम काढू नका.

मागणी मान्य होईपर्यंत थांबायचं नाही. टेप आपल्याच पिशवीत आहे. दोघी-दोघी बसा, एकमेकींचं मोजा, वहीत लिहा. बीपी पुन्हा मोजूनही 140/90 किंवा वर आलं, तर त्या बाईला एकटीला पाठवू नका. सोबत जा.