कोंबड्यांच्या खाद्यातील वनस्पतिअर्क
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण कर्ज काढून कुक्कुटपालनात उतरले आहेत. त्यांच्या शेडच्या दाराशी 'वनौषधी' म्हणून भुकट्या व अर्काच्या बाटल्या विकणारे वरचेवर येत असतात. त्या मालात तथ्य किती, हे सांगावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी पशुवैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना शिकविण्यात जन्म घालविलेला मनुष्य. तेव्हा वाचून जे पटले तेवढेच सांगतो.

१९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असे आढळले की, ऑरिओमायसिन हे औषध तयार करताना उरणारा गाळ खाद्यात मिसळला असता पिले झपाट्याने वाढतात. तेव्हापासून निरोगी पक्ष्यांनाही प्रतिजैविके चारण्याची प्रथा जगभर पडली. पुढे जंतूच या औषधांना दाद देईनासे झाले आणि तो धोका माणसांपर्यंत पोचला. स्वीडनने १९८६ साली, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले. आपल्या सरकारनेही २०१९ साली कोलिस्टिन या औषधाचा खाद्यपशूंसाठी वापर मना केला, कारण माणसाच्या दुर्धर संसर्गात ते अखेरचा आधार ठरते. मग त्या जागी काय द्यावे, या शोधात जगाची दृष्टी ओवा, लसूण, हळद यांकडे वळली.

यात भोंदूपणाच आहे असे मात्र नव्हे. ओव्यात थायमॉल असते, ओरेगॅनो या परदेशी वनस्पतीत कार्वाक्रॉल. ही द्रव्ये जंतूंच्या पेशीचे आवरण दुबळे करतात. कोंबडीच्या आतड्याला आतून असंख्य सूक्ष्म अंकुर असतात व अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजले, किंवा कॉक्सिडिया या परजीवींनी आतडे पोखरले, म्हणजे हे अंकुर झडतात. मग पक्षी खातो पुष्कळ, परंतु अंगी लागत नाही. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून तिचा उपयोग मुख्यत्वे आतड्यातच व्हावा, हे ओघानेच आले. लसणीचा तिखट गुण ती ठेचल्यावरच प्रकट होतो. कडुनिंबाचे प्रमाण वाढले तर कडूपणामुळे पक्षी खाद्यच कमी खातात.

प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. स्वच्छ, कोरड्या शेडमध्ये फरक थोडा दिसतो, कोंदट शेडमध्ये अधिक. ओव्यातील थायमॉलही वाण, जमीन व काढणी यांनुसार कमीजास्त होते. शिवाय ही तेले उडून जाणारी. खाद्याच्या गोळ्या बनविताना उष्णतेने त्यांचा काही अंश नाहीसा होतो. म्हणून ज्या बाटलीवर मूळ द्रव्याचे प्रमाण छापलेले नाही ती घेऊच नये. हळदीची भुकटी विकत घेताना तर विशेष जपावे, कारण रंग खुलविण्यासाठी तीत शिशाचे क्रोमेट मिसळणारे व्यापारी आढळले आहेत. तसेच मानमोडीची लस कोणताही अर्क वाचवीत नाही. या बाबतीत विक्रेत्याचे एक अक्षर ऐकू नये.

ज्यांनी कंपनीशी करार केला आहे त्यांना खाद्य कंपनीकडूनच येते. त्यांनी विचारल्यावाचून पाण्यातही काही मिसळू नये. इतरांनी एकाच दिवशी आलेल्या पिलांतील शंभर एका कप्प्यात व शंभर दुसऱ्यात ठेवावी, एकालाच अर्क द्यावा, आणि खाद्य व वजन दोन्ही मोजावे. समजा, दोन किलोच्या पक्ष्याला साध्या कप्प्यात ३.४ किलो खाद्य लागले आणि अर्काच्या कप्प्यात ३.२. पक्ष्यामागे २०० ग्रॅम वाचले, म्हणजे हजारामागे २०० किलो. किलोला ४० रुपये धरल्यास ही बचत ८,००० रुपयांची. आता हजार पक्ष्यांना लागणाऱ्या अर्काची किंमत विक्रेत्याकडून लिहून घ्यावी व या रकमेशेजारी मांडावी. दोन-तीन खेपा हीच मांडणी करावी, कारण एका खेपेचा फरक निव्वळ हवामानाचाही असू शकतो.