शेताचा कोपरा

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएलांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. १९४८ नंतर बहुतेक इस्राएलात गेले; अलिबागेत त्यांची आळी नि सिनेगॉग उरले.

त्यांच्या ‘लेवीय’ ग्रंथातली एक आज्ञा आम्हां भातवाल्यांना चटकन उमगावी. शेताचा कोपरा कापू नये, गळलेल्या लोंब्या उचलू नयेत. त्या गरिबाच्या नि परक्याच्या. म्हणजे आपला सरवाच! रूथ ही परकी विधवा त्यावरच जगली. पण आम्ही, लाज वाटते सांगायला, सरवा वेचणारीला एकदा हाकलले होते. ती आज्ञा याला दान म्हणतच नाही. कोपरा मुळी मालकाचा नव्हेच. मग वेचणारीने मान का लववावी?

यंदा कापणीला गडी म्हणाला, “भाऊ, बांधाकडचं राहिलं.” आम्ही म्हटले, “राहू दे.”