पडद्यावरची खिडकी अडते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षीणबाईंनी मला केली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. संगणकाच्या पडद्यावर जी विंडो, म्हणजे खिडकी, उघडते, जिच्यात बटणे आणि रकाने असतात, ती तयार करताना कोणत्या अडचणी येतात व त्या कशा सोडवाव्यात, हा तो विषय. माझे शिक्षण इयत्ता सातवी. परंतु आपल्या मसाला विभागाचे हिशेब संगणकावर आहेत आणि त्या प्रोग्रामची देखभाल माझ्याकडे आहे. माझी पुतणी पॉलिटेक्निकात शिकत असताना तिच्या शेजारी बसून मी पायथन ही भाषा शिकले. तेवढ्याच अधिकाराने बोलते.

प्रथम हे समजून घेऊ की खिडकीचा प्रोग्राम चालतो कसा. पायथनबरोबर टीके-इंटर नावाचे साहित्य मिळते. त्यातून खिडकी, बटणे, रकाने बनवता येतात. त्याच्या मुळाशी असलेले ‘टीके’ अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी तयार केले व ते १९९१ साली लोकांच्या हाती आले. अशा प्रोग्राममध्ये एक फेरा अखंड चालू असतो. त्याला मेनलूप म्हणतात. आपण बटण दाबले, अक्षर टंकले, की ते काम रांगेत लागते. फेरा एकेक काम उचलतो, ते पुरे करतो, मग पुढचे घेतो. पडदा ताजा करणे हेही त्याच्याच माथी. रेशनच्या दुकानात वजन करणारा आणि पावती लिहिणारा एकच माणूस असावा, तसे हे आहे. एका गिऱ्हाइकापाशी तो अडकला की मागची सगळी रांग थांबते.

बहुतेक मोठ्या अडचणींचे मूळ इथेच आहे. आपल्याकडे काय घडले ते सांगते. पहिला प्रोग्राम एका ओळखीच्या मुलाने करून दिला होता. उचल दिली की सभासदेचे नाव निवडायचे, रक्कम लिहायची, ‘नोंद करा’ हे बटण दाबायचे. त्या बटणाने नोंद तर होईच, शिवाय साऱ्या खातेवहीची प्रत पेन ड्राइव्हवर जाई. प्रत जायला चार सेकंद लागत. तेवढा वेळ खिडकी निपचित पडे. टेबलावर बसलेल्या मुलीला वाटे, बटण नीट दाबले गेले नाही; ती पुन्हा दाबी. ते दाबणे वाया जात नसे, रांगेत जाऊन बसे.

एका महिन्याच्या पगाराला आपल्या एका भगिनीच्या हातात हजार रुपये कमी पडले. तिने पाचशेची उचल एकदाच घेतली होती. खात्यावर ती तीनदा होती. तिला वाचता येत नाही. ती सांगत होती, “मी एकदाच घेतले,” आणि संगणक सांगत होता, तीनदा. चारचौघींनी एकमेकींकडे पाहिले. ते पाहणे तिला हजार रुपयांहून अधिक लागले. दुसऱ्या दिवसापासून कामावर येणार नाही, असे ती म्हणाली. रात्री मी नोंदींच्या वेळा काढून पाहिल्या. तिन्ही नोंदी एकाच मिनिटातल्या होत्या, आणि दोन नोंदींमध्ये अंतर बरोबर चार-चार सेकंदांचे. चार सेकंदांत कोणी उचल घेऊन, मोजून, पुन्हा हात पुढे करते काय? दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष तिला पैसे परत दिले, आणि त्याच आठवड्यात पुतणीने व मी मिळून तो प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला.

उपाय सांगते, शिकणाऱ्या मुलींनी लक्ष द्यावे. वरवरचा उपाय असा सुचतो की कामाच्या आरंभी बटण बंद करावे आणि शेवटी उघडावे. एवढ्याने भागत नाही. काम चालू असताना फेराच थांबलेला असतो, त्यामुळे मधली दाबणी रांगेतच राहतात आणि बटण पुन्हा उघडल्यावर आपला हक्क बजावतात! म्हणून वेळखाऊ काम फेऱ्याच्या हातातून काढून दुसऱ्या कामकऱ्याकडे द्यावे. त्याला थ्रेड म्हणतात. बटण बंद ठेवावे. फेरा मोकळा असल्याने मधली दाबणी बंद बटणावर पडून निकालात निघतात. मात्र त्या दुसऱ्या कामकऱ्याने खिडकीला हात लावू नये. त्याने आपला निरोप एका क्यूमध्ये ठेवावा, आणि खिडकीने ‘आफ्टर’ या आज्ञेने दर १०० मिलिसेकंदांनी तिथे डोकावून तो घ्यावा. आता आपल्या खिडकीत बटणाखाली ‘नोंद होत आहे’ असे उमटते, मग ‘नोंद झाली’. शिवाय त्याच सभासदेची तीच रक्कम मिनिटाभरात पुन्हा आली तर खिडकी विचारते, “ही दुसरी उचल आहे का?”

किती उशीर चालतो, याचेही माप आहे. जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात ते दिले आहे. एक दशांश सेकंदात उत्तर आले तर माणसाला ते तत्काळ वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे लक्षच उडते. तेव्हा उशीर होणारच असेल, तर तसे पडद्यावर सांगावे.

आता लहान अडचणी. नवी मुलगी बटणाला काम नेमून देताना कामाच्या नावापुढे कंस टाकते. मग खिडकी उघडताच ते काम आपोआप होऊन जाते आणि बटण दाबल्यावर काहीच होत नाही. कंस काढावेत. चित्र लावले तर ते दिसत नाही, कारण चित्राचे नाव कुठे जपून ठेवले नाही की पायथन ते केर समजून टाकून देतो. रकाने मांडण्याच्या पॅक आणि ग्रिड या दोन रीती एकाच चौकटीत मिसळू नयेत. जागा मोजून ठोकून बसवण्याची प्लेस ही रीतही शक्यतो टाळावी. दुसऱ्या संगणकावर अक्षर मोठे निघाले की मराठी शब्दांच्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. ग्रिडमध्ये रकाना शब्दाप्रमाणे वाढतो.

मराठीच्या आणखी दोन गोष्टी. पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांत, विंडोजवर फाइल उघडताना ‘यूटीएफ-८’ असे स्पष्ट लिहिले नाही, तर देवनागरी नाव साठवताना प्रोग्राम अडतो. दुसरी गोष्ट आनंदाची. रकान्यात कोणी १२५० असे देवनागरी आकडे लिहिले तरी पायथन ते आकडे म्हणून ओळखतो. पण १,२५० असा स्वल्पविराम आला की नकार देतो. म्हणून आमची खिडकी स्वल्पविराम आधी काढून टाकते. बाईने आपल्या सवयीप्रमाणे लिहावे, सवय बदलायची ती प्रोग्रामने.

सगळ्यांत घातक अडचण मुकेपणाची. काळ्या पडद्याशिवाय टीके-इंटरची खिडकी चालवली, तर बटणामागचे काम बिघडले तरी त्याची तक्रार कोणालाच दिसत नाही. पेन ड्राइव्ह काढलेला असतो, प्रत होत नाही, आणि टेबलावरची मुलगी मात्र निश्चिंत! यासाठी अशा तक्रारी पकडून पडद्यावर दाखवण्याची सोय टीके-इंटरमध्ये आहे. ती अवश्य वापरावी. दाखवतानाही ‘चुकीची माहिती’ एवढेच लिहू नये. ‘प्रत झाली नाही. पेन ड्राइव्ह लावा आणि पुन्हा बटण दाबा’ असे लिहावे. काय झाले आणि आता काय करायचे, हे दोन्ही आले पाहिजे. खिडकी बंद करताना काही नोंद अर्धवट असेल तर तेही विचारावे.

भगिनींनो, बँकेत, दवाखान्यात, कचेरीत आपल्याला हरघडी ऐकावे लागते, “बाई, तुम्ही काहीतरी चुकीचे दाबले.” आपणही मान खाली घालतो. पुढच्या वेळी जरा विचार करा. बोटाने केले ते एवढेच की उत्तर मिळेना म्हणून पुन्हा विचारले. जी खिडकी उत्तर देत नाही, दोष तिचा. आपल्या मुली उद्या अशा खिडक्या बनवतील. त्यांना माझे सांगणे की आपण केलेली खिडकी आधी आजीच्या पुढ्यात ठेवा, काही न शिकवता. तिचा हात जिथे थबकेल, तिथे दुरुस्ती करा.

आणि आपल्या त्या भगिनी आजही मसाला विभागात आहेत. उचल घेतली की त्या टेबलाशी उभ्या राहतात. नोंद झाली की खिडकीत हिरवी खूण उमटते. ती पाहूनच त्या पैसे कनवटीला लावतात.